निकालाच्या दुसऱ्या दिवशी

(संस्थेच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण, स्मरणिकेसाठी लिहून काढलेले)



संमेलनात शिक्षकाने शिक्षणावर बोलावे अशी प्रथा आहे. मी ती मोडणार नाही, पण जरा आडवाटेने जाणार आहे. कारण आजचा विषय मी निवडलेला नाही. तो मला आपल्यापैकीच एका चाचांनी दिला.

४ जून २०२४ रोजी लोकसभेचा निकाल लागला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पानठेल्याजवळ उभा होतो. शाळेला सुट्या होत्या, आकाश भरून आले होते. चाचा सायकल हातात धरून आले. त्यांची नात आमच्या शाळेत शिकते. ठेल्यावरचे वर्तमानपत्र त्यांनी दोनदा उलटून पाहिले आणि मला म्हणाले, "मास्तर, अठ्ठेचाळीस जागा, अन् आपला एकही नाही. आता आपलं कोण जी?"

मला उत्तर देता आले नाही. "पाहू चाचा," एवढेच मी म्हणालो. शिक्षकाला उत्तर आले नाही की तो "पाहू" म्हणतो, हे विद्यार्थ्यांना चांगले ठाऊक आहे.

चाचांचे म्हणणे खोटे नव्हते. २०११ च्या जनगणनेप्रमाणे महाराष्ट्रात मुसलमानांची वस्ती सुमारे साडेअकरा टक्के आहे, आणि २०२४ साली राज्यातल्या ४८ जागांपैकी एकीवरही मुस्लिम उमेदवार निवडून आला नाही. याच विदर्भात वाशीमच्या मतदारांनी १९८० आणि १९८४ साली जम्मू-काश्मीरहून आलेल्या गुलाम नबी आझादांना दोनदा लोकसभेवर पाठवले होते. तेव्हा जे झाले ते आता का होत नाही, कोणत्या पक्षाने कोणाला तिकीट नाकारले, याची चर्चा आपण सर्वांनी पुष्कळ केली आहे. मी नोकरीच्या नियमांनी बांधलेला माणूस आहे, आणि हे व्यासपीठ कोणत्याही पक्षाचे नाही. म्हणून तिकडे मी वळत नाही. चाचांच्या प्रश्नातला एकच शब्द मी घेतो. तो शब्द म्हणजे "कोण". आपला नेता कोण, आणि तो ओळखायचा कसा?

बंधूंनो, निवडून येतो तो नेता, अशी आपली सर्वसाधारण समजूत आहे. गुलाल उधळला, हार पडले, की झाला नेता. मला असे वाटते की नेता ओळखण्याची खरी वेळ निकालाच्या दिवशी नसतेच. ती दुसऱ्या दिवशी सकाळी येते, आणि तीही हरलेल्याच्या दारात. मंडप सुटलेला असतो, कार्यकर्ते पांगलेले असतात. त्या सकाळी हा मनुष्य काय करतो ते पाहावे.

याचे सर्वांत मोठे उदाहरण आपल्या घराजवळचे आहे. स्वतंत्र भारताची पहिली सार्वत्रिक निवडणूक १९५१-५२ साली झाली. ज्या राज्यघटनेने प्रत्येक प्रौढ स्त्री-पुरुषाला मताचा अधिकार दिला, तिच्या मसुदा समितीचे अध्यक्ष डॉ. बाबासाहेब आंबेडकर उत्तर मुंबईतून उभे होते. हिंदू कोड बिलाच्या प्रश्नावर त्यांनी सप्टेंबर १९५१ मध्ये मंत्रिपद सोडले होते. निकाल लागला तेव्हा काँग्रेसचे नारायण काजरोळकर यांना १,३८,१३७ आणि बाबासाहेबांना १,२३,५७६ मते पडली होती. ज्याने मतपेटी दिली त्यालाच मतपेटीने नाकारले.

त्या वेळची पद्धत विद्यार्थ्यांनी समजून घ्यावी, कारण पुढची गोष्ट तिच्यावर उभी आहे. काही मतदारसंघांतून दोन सभासद निवडले जात. एक जागा सर्वांसाठी खुली आणि एक अनुसूचित जातींसाठी राखीव. प्रत्येक मतदाराला दोन मते असत, पण दोन्ही एकाच उमेदवाराला देता येत नसत. प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी, तिच्यावर त्याचे चिन्ह. आता यातून एक युक्ती निघाली. एक मत आपल्या माणसाला द्यायचे आणि दुसरे कोणालाच द्यायचे नाही, म्हणजे आपल्या माणसाच्या प्रतिस्पर्ध्याला त्याचा लाभ होत नाही. याला त्या काळी मत "कुजवणे" म्हणत. किती अचूक शब्द आहे पाहा! कोठारातले धान्य शेजाऱ्याला मिळू नये म्हणून कुजू द्यावे, तसे हे.

मुंबईच्या त्या निवडणुकीत ७४ हजारांवर मते बाद ठरली होती, आणि मते कुजवण्याचा प्रचार झाला अशी बाबासाहेबांची तक्रार होती. त्यांनी ती तक्रार घेऊन निवडणूक न्यायाधिकरणाकडे रीतसर अर्ज केला. तेथे यश आले नाही. मुंबई राज्यातून राज्यसभेवर जाऊन त्यांनी आपले काम पुढे चालू ठेवले.

दोन वर्षांनी, मे १९५४ मध्ये, भंडाऱ्याला पोटनिवडणूक आली. भंडारा त्या वेळी मध्य प्रदेशात होता आणि त्या राज्याची राजधानी होती आपले नागपूर. हाही मतदारसंघ दोन जागांचा. बाबासाहेब राखीव जागेसाठी उभे राहिले, आणि खुल्या जागेवर प्रजा समाजवादी पक्षाचे अशोक मेहता होते. कार्यकर्त्यांनी हिशेब मांडला. आपल्या लोकांनी एकच मत बाबासाहेबांना द्यावे, दुसरे कुजवावे, म्हणजे विजय सोपा होईल. ज्या शस्त्राने मुंबईत घाव बसला तेच शस्त्र आता हातात येत होते. बाबासाहेबांनी ते नाकारले. ज्याने घटना लिहिली तो लोकांना आपले मत वाया घालवा असे कसे सांगेल? हरलो तरी चालेल, पण दोन्ही मते द्या, असे त्यांनी आपल्या माणसांना बजावले, ही आठवण विदर्भात आजही सांगितली जाते. निकाल असा लागला की खुल्या जागेवर अशोक मेहता निवडून आले आणि राखीव जागेवर काँग्रेसचे भाऊराव बोरकर. बाबासाहेब आठ हजारांच्या आसपास मतांनी पडले.

मित्रहो, हा पराभव मी वर्गात शिकवतो तेव्हा हमखास एक मुलगा हात वर करून विचारतो, "सर, मग कुजवली असती तर जिंकले असते ना?" कदाचित जिंकले असते. पण मग १९५४ साली भंडाऱ्यातून कोण निवडून आले हे जसे आज कोणाच्या ध्यानात नाही, तसे तेही नसते. त्यांनी मत कुजवू दिले नाही, हे मात्र ध्यानात आहे. नेतृत्वाचा पहिला गुण हाच. जिंकण्यासाठी काय करणार नाही, हे ज्याचे आधी ठरलेले असते तो नेता.

दुसरा गुण असा की त्याचे काम निवडणुकीवर अवलंबून नसते. बाबासाहेबांनी १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली, १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय उघडले आणि १९५० मध्ये औरंगाबादला दुसरे. ते पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून प्रसिद्ध झाले. १९५२ चा पराभव आला आणि गेला, १९५४ चा आला आणि गेला, त्या वर्गांची घंटा मात्र एक दिवसही थांबली नाही. आणि भंडाऱ्याच्या पराभवाला अडीच वर्षे होण्याच्या आत, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, याच नागपुरात लाखो लोक त्यांच्या मागे उभे राहिले. त्या दिवशी त्यांच्या हातात सत्ता नव्हती, तिकीट नव्हते, द्यायला एक नोकरी नव्हती. लोक कशासाठी आले होते, याचा विचार आपण करावा.

आपल्यापैकी कोणी म्हणेल, "मास्तर, उदाहरण मोठे आहे, पण ते त्यांच्या समाजाचे. आपले सांगा." माझे म्हणणे असे की गुणाला जात नसते. पण आग्रहच असेल तर आपलेही सांगतो, आणि त्यासाठी दूर जावे लागणार नाही. मोवाडजवळून जी वर्धा नदी वाहते तिच्याच नावाच्या गावी जाऊ.

२२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ या दोन दिवशी वर्ध्याला शिक्षणतज्ज्ञांची परिषद भरली. अध्यक्षस्थानी महात्मा गांधी होते. मुलांना हस्तोद्योगातून शिक्षण द्यावे आणि त्याच उद्योगातून शाळेचा खर्च निघावा, अशी त्यांची योजना होती. सारा देश ज्यांचा शब्द झेलत होता, त्यांच्यासमोर उठून चाळिशीच्या एका मुसलमान शिक्षकाने आपल्या शंका मांडल्या. कामातून शिक्षण हा विचार शिक्षणशास्त्राला नवा नाही, आणि खर्च भागवण्यावर फार भर दिला तर शिक्षक मुलांना राबवून घेतील, असा त्याचा इशारा होता. हा शिक्षक म्हणजे जामिया मिल्लियाचे डॉ. झाकीर हुसेन. गांधीजींनी काय केले? योजनेचा तपशील ठरवायला समिती नेमली आणि तिचे अध्यक्षपद शंका काढणाऱ्यालाच दिले.

या एका प्रसंगात दोन नेते दिसतात. एक, जो मोठ्या माणसापुढे अदबीने पण स्पष्ट बोलतो. दुसरा, जो टीका करणाऱ्याला दूर न सारता कामाला जोडून घेतो. आपल्याकडे सभेत कोणी प्रश्न विचारला की "हा कोणाचा माणूस?" अशी कुजबुज होते. प्रश्न विचारणारा हा विरोधकच असला पाहिजे, असे आपण धरून चालतो.

झाकीरसाहेब जर्मनीतून डॉक्टरेट घेऊन १९२६ साली परतले, तेव्हा जामिया बंद पडण्याच्या बेतात होती. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वीस वर्षे दरमहा दीडशे रुपयांहून अधिक न घेता काम करण्याची प्रतिज्ञा केली, आणि हातात येई तो पगार पुष्कळदा त्याहूनही कमी असे. १९४८ पर्यंत, म्हणजे बावीस वर्षे, ते त्या संस्थेचे कुलगुरू राहिले. देशात निवडणुका झाल्या, सरकारे आली-गेली, फाळणी झाली. हा मनुष्य मुलांमध्ये राहिला. १९६७ साली ते भारताचे राष्ट्रपती झाले हे आपल्या सर्वांना ठाऊक आहे. त्या आधीची बावीस वर्षे मात्र आपण विसरतो. फळ मोजतो आणि ओलित विसरतो.

संत्र्याच्या मुलखात राहणाऱ्यांना मी हे काय सांगावे? बहार धरायचा तर झाडाला आधी ताण द्यावा लागतो. पाणी तोडतात, पाने मलूल होतात, नवख्याला वाटते की बाग गेली. मग वेळेवर पाणी सोडले की झाड फुलाने लदबदते. पराभव हा समाजाला बसलेला ताण आहे. पण जाणता बागाईतदार हेही जाणतो की ताण ठरावीक दिवसच द्यायचा असतो. तो लांबला तर बहार राहतो बाजूला, झाडच वाळते. निराशेचे तसेच आहे. चार दिवस ठीक. पुढे पाणी सोडलेच पाहिजे.

आता आपल्या अगदी रोजच्या गोष्टीकडे येतो. आपण जमातीने नमाज पढतो. इमाम पुढे उभा असतो, पण त्याच जमिनीवर आणि त्याच दिशेला तोंड करून. त्याने नमाज फार लांबवू नये, मागच्या सफीत म्हातारे, आजारी, कामाची घाई असलेले लोक आहेत याचे भान ठेवावे, अशी शिकवण आहे. तो चुकला तर मागचा माणूस "सुभानअल्लाह" म्हणून त्याला सावध करतो. म्हणणारा सफ मोडून निघून जात नाही, आणि इमामही रागावून मुसल्ला सोडत नाही. चूक दुरुस्त होते, नमाज पुरी होते. नेता कसा असावा आणि अनुयायी कसा असावा, याचा हा पाठ आपण दिवसातून पाच वेळा गिरवतो. मशिदीच्या पायऱ्या उतरल्या की मात्र दोन्ही विसरतो. नेत्याला डोक्यावर तरी घेतो किंवा त्याला सोडून तरी जातो. मागे उभे राहून सावध करणे आपल्याला जमत नाही.

नेता नेहमी माईकसमोरच सापडतो असेही नाही. ३० जुलै १९९१ रोजी वर्धा नदीला महापूर आला आणि आपल्या तालुक्यातल्या मोवाडची २०४ माणसे त्यात गेली. माझे वडील दुसऱ्या दिवशी गावातल्या काही जणांबरोबर भाकरी बांधून तिकडे गेले होते. ते सांगत, तिथे कोणी कोणाला नेमले नव्हते. ज्याला कळले की प्रथम काय केले पाहिजे, त्याचे बाकीच्यांनी ऐकले. कोण कुठल्या मोहल्ल्याचा आणि कुठल्या पक्षाचा, हे विचारायला कोणाला सवड नव्हती. वडिलांना त्यांतल्या निम्म्या लोकांची नावेही शेवटपर्यंत कळली नाहीत.

आतापर्यंत मी नेत्याविषयी बोललो. आता आपल्याविषयी, आणि त्यात प्रथम माझ्याविषयी.

१९ एप्रिल २०२४ रोजी आपल्या रामटेक मतदारसंघात मतदान झाले. इतर शिक्षकांप्रमाणे मलाही मतदान अधिकारी म्हणून काम होते. माझे केंद्र दुसऱ्या गावी होते. सकाळी सातपासून सायंकाळी सहापर्यंत मी यादीपुढे बसलो. त्या दिवशी मी जे पाहिले ते मला विसरता येत नाही. एक म्हातारी उन्हातून चालत आली, यादीत तिचे नाव नव्हते. एक तरुण आला, वय वीस, त्याने नाव कधी नोंदवलेच नव्हते. लग्न होऊन आलेल्या सुना तर कितीतरी! त्यांचे नाव माहेरी आणि त्या सासरी. प्रत्येकाला मी सांगत होतो, "यादीत नाव नाही, मतदान करता येणार नाही." मनात म्हणत होतो, किती हे दुर्लक्ष, किती ही बेफिकिरी.

रात्री उशिरा यंत्रे जमा करून घरी पोचलो. पत्नी जेवण झाकून बसली होती. तिने बोट पुढे केले. बोटावर शाई नव्हती. तिचे नाव अजून वरूडच्या यादीत होते. आमच्या लग्नाला सहा वर्षे झाली होती. सहा वर्षांत मी मतदार जागृतीच्या किती प्रभातफेऱ्या काढल्या, मुलांकडून किती घोषणा लिहून घेतल्या, आणि एक अर्ज भरला नाही. ती रागावली नाही. फक्त म्हणाली, "तुम्ही सगळ्यांना सांगता म्हणून मला वाटलं, माझं केलं असेल." दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. त्या रात्री मला कळले की बाबासाहेबांनी भंडाऱ्यात जे मत कुजू दिले नाही, ते मी माझ्या घरात कुजवले होते, आणि तेही कोणाला हरवण्यासाठी नव्हे, निव्वळ आळसाने.

म्हणून, बंधु-भगिनींनो, "आपलं कोण" या प्रश्नाचे पहिले उत्तर यादीत शोधावे असे मला वाटते. ज्याचे नाव नवे नोंदवायचे आहे त्याने नमुना ६ भरावा. राहण्याचे ठिकाण बदलले असेल त्याने नमुना ८ भरावा. सतरा वर्षे पूर्ण झालेल्या मुलामुलींना आता आगाऊ अर्ज देता येतो. वर्षातून चार तारखा धरल्या जातात, १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर. त्या तारखेला अठरा पूर्ण झाली की नाव लागू शकते. यात खर्च नाही, कोणाची चिठ्ठी लागत नाही, आणि हे काम कोणा नेत्याने येऊन करावे असेही नाही.

दुसरे उत्तर ग्रामसभेत आणि शाळेच्या पालकसभेत आहे. ग्रामसभा कोरमअभावी तहकूब होतात. पालकसभेला शंभर निमंत्रणे जातात आणि पंधरा माणसे येतात, त्यांतही माता अधिक आणि पिता कमी. ज्या समाजाची पालकसभा रिकामी असते, त्याची लोकसभेबद्दलची तक्रार कोण ऐकणार? ज्याला शाळेच्या नळाला पाणी का नाही हे उभे राहून विचारता येते, तोच पुढे जिल्ह्याचा प्रश्न विचारील. नेतृत्व वरून येत नाही. ते खालून, नळापासून सुरू होते.

विद्यार्थी मित्रांनो, तुम्हाला एकच सांगतो. वर्गनायकाच्या निवडणुकीत जो हरला असेल त्याने आपल्या वहीत दोन ओळी लिहून ठेवाव्यात. मी जिंकलो असतो तर काय करणार होतो, आणि त्यांतले न जिंकताही काय करता येईल? दुसरी ओळ लिहिता आली तर तुझ्यात नेतृत्व आहे असे समज. आणि जो जिंकला असेल त्याने हरलेल्याला आपल्या शेजारी काम द्यावे. वर्ध्याला गांधीजींनी तेच केले होते. मुलींना विशेष सांगायचे म्हणजे, तुम्ही फक्त मत द्यायचे आणि उभे राहायचे भावाने, असे कोणत्याही कायद्यात लिहिलेले नाही.

शेवटी त्या चाचांचे सांगून थांबतो. पंधरा-वीस दिवसांनी, पाऊस लागल्यावर, मी मुद्दाम त्यांच्या घरी गेलो. मी म्हणालो, "चाचा, तुमच्या प्रश्नाचं उत्तर आणलं आहे." ते सावरून बसले. मी विचारले, "घरात मतं किती?" त्यांनी बोटांवर मोजून सांगितले, "आठ." मग आम्ही यादी पाहिली. नावे पाच निघाली. दोन सुनांची नव्हती, धाकट्या मुलाचे नव्हते. चाचा बराच वेळ यादीकडे पाहत राहिले. मग हळूच माझ्याकडे पाहून म्हणाले, "मास्तर, अन् तुमच्या घरचं?"

मी सांगितले, "नमुना आठ परवाच भरला, चाचा."

ते हसले आणि आत हाक मारून म्हणाले, "सूनबाई, आधार कार्डं आणा, अन् मास्तरसाठी चहा ठेवा."

 खुदा हाफिज. जय हिंद, जय महाराष्ट्र.

— एक शिक्षक, बी. ए., बी. एड.
नरखेड तालुका, जि. नागपूर